केगल आधी थांबवा: एंडोमेट्रिओसिसचं दुखणं आणि आवळून राहिलेला पेल्विक फ्लोअर

प्रश्न विचारणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, डाव्या बीजकोशातली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) काढली, गर्भाशयामागचे एंडोमेट्रिओसिसचे डागही काढले. तेव्हापासून रोज डायनोजेस्ट या संप्रेरकाची २ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. पाळी बंद आहे, सोनोग्राफीत नवीन काही नाही. तरी तासभर खुर्चीत बसलं की माकडहाडाशी आणि डाव्या कुल्ल्यात ठणका लागतो, संडासला बसलं की सुरी फिरवल्यासारखी कळ येते, आणि संबंधाच्या वेळी सुरुवातीलाच आग होते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी कागदावर ‘पेल्विक फ्लोअर फिजिओ’, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, लिहून दिलं. तालुक्याच्या गावी तशी फिजिओ मिळेना, म्हणून ताईंनी व्हिडिओ पाहून महिनाभर केगल केले, म्हणजे तळाचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम, दिवसाला शंभर वेळा. दुखणं वाढलं. आता त्या विचारतात की हा व्यायाम बाधला का, फिजिओ तिथे नेमकं करते तरी काय, आणि आतून तपासणी करून घ्यावीच लागते का.

ताई, आधी केगल थांबवा. उद्यापासून नाही, आजपासून.

तुमचं काही चुकलेलं नाही. चुकीच्या दुखण्याला बरोबर व्यायाम केलात, एवढंच झालं. अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर ज्यांना लघवी धरवत नाही अशा बायकांसाठी. म्हणजे सैल पडलेल्या स्नायूंसाठी. त्यांना ते आजही उत्तम लागू पडतात. तुमची तक्रार वाचून मला वाटतं ते नेमकं उलटं आहे: तुमचे स्नायू सैल नाहीत, ते दिवसरात्र आवळलेले आहेत. आवळलेल्या स्नायूला दिवसातून शंभर वेळा आणखी आवळायला लावलंत, तो दुखणारच. खरं सांगायचं तर मी स्वतः फिजिओ, पण मीही नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत ‘खाली दुखतंय’ म्हणणाऱ्या प्रत्येकीला केगलचा कागद हातात द्यायचे. कॉलेजात तेवढंच शिकवलं होतं. काही जणी पुन्हा आल्याच नाहीत. त्या का आल्या नसतील हे मला फार उशिरा कळलं.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. हाच पेल्विक फ्लोअर, मी त्याला नुसतं ‘तळ’ म्हणते. मूत्राशय, गर्भाशय, मलाशय या झोळीवर टेकलेले असतात. तिच्यातला एक पट्टा हुबेहूब गोफणीसारखा आहे. पुढच्या हाडापासून निघतो, मलाशयाला मागून वळसा घालतो आणि परत पुढच्याच हाडाला येऊन मिळतो. तो आवळलेला असतो तेव्हा मलाशयाची वाट दुमडलेली राहते, म्हणून आपल्याला चारचौघांत बसता येतं. शौचाच्या वेळी तो सैल पडायला हवा, म्हणजे वाट सरळ होते. गोफण सुटलीच नाही तर दगड जाणार कुठून? मग आपण कुंथतो, आणि कुंथलं की ती आणखी घट्ट होते.

झोळीच्या बाजूच्या भिंतीवर आणखी एक स्नायू आहे, ऑब्ट्युरेटर इंटर्नस. नाव लक्षात ठेवायची गरज नाही, पण त्याची जागा लक्षात ठेवा: त्याचा उगम ओटीपोटाच्या आत आणि शेवट बाहेर खुब्याच्या हाडावर. तो आखडला की दुखणं कुल्ल्यात, खुब्यात, मांडीच्या मागे जाणवतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी आधी कमरेचा एमआरआय करून आलेल्या असतात. एमआरआयमध्ये काही निघत नाही, आणि मग ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हे ऐकून घ्यावं लागतं.

आता हे स्नायू आवळले कशाने? एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर भलत्या जागी रुजणं: बीजकोशात, गर्भाशयामागच्या खोबणीत, आतड्यावर, मूत्राशयावर. प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो, आणि निदान व्हायला सरासरी ४ ते १२ वर्षं जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मधली वर्षं फार महत्त्वाची आहेत. ‘पाळीत दुखतंच’ हे आईने सांगितलं, तिला तिच्या आईने. दर महिन्याला मुलगी पोटाशी गुडघे घेऊन पडून राहते, दात आवळते, पोट आवळते, आणि नकळत तळही आवळते. शरीराची ती जुनी सवय आहे; मार येतोय असं दिसलं की आपण अंग चोरतो तसं. पाच-दहा वर्षं दर महिन्याला अंग चोरलं की स्नायूंना तेच घर वाटू लागतं. पाऊस थांबला तरी खांदे आवळूनच चालतो ना माणूस, तसं काहीसं.

त्यात मज्जातंतूंची भर. गर्भाशय, मलाशय, मूत्राशय आणि हे तळाचे स्नायू, या सगळ्यांचे निरोप मज्जारज्जूत जवळजवळच्या पायऱ्यांवर पोचतात. एका घरची भांडणं शेजारच्या घरात ऐकू जावीत तशी आतल्या अवयवाची कळ स्नायूंना आवळते, आणि आवळलेल्या स्नायूची कळ अवयवाची वाटते. वर्षानुवर्षं असं चाललं की मज्जासंस्था जास्तच तिखट होते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं आहे. मूत्राशय थोडं भरलं तरी कळ, नुसता बोटाचा स्पर्श झाला तरी आग. शस्त्रक्रियेने डाग निघाले, गोळीने पाळी थांबली, पण ताक फुंकायची सवय कुणी मोडलीच नाही. तुमचं सध्याचं दुखणं बऱ्याच अंशी त्या सवयीचं असावं असा माझा कयास आहे. कयासच म्हणते, कारण हात लावून पाहिल्याशिवाय यापुढे जाणं बरोबर नाही.

आता फिजिओ काय करते. पहिल्या भेटीचा अर्धा वेळ तर आमचं बोलणंच चालतं. मी लघवी किती वेळा होते विचारते, संडास कसा होतो विचारते, दुखतं तेव्हा तुम्ही काय करता ते विचारते. ऑफिसात स्वच्छ संडास नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या, लघवी दाबून घरी जाणाऱ्या मास्तरीणबाई आणि बँकेतल्या बायका मला आठवड्याला भेटतात. एसटी स्टँडवरच्या संडासात न टेकता अधांतरी बसायची सवयही अशीच. तळ कधी पूर्ण सुटतच नाही. मग उताणं झोपवून श्वास पाहते. बहुतेकींचा श्वास छातीतच अडलेला असतो, पोट आत ओढलेलं. ‘पोट आत घे’ हे आपल्या मुलींना वयात आल्यापासून ऐकवलं जातं, त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते मी रोज पाहते.

त्यानंतर हात. आधी पोटावर, दुर्बिणीच्या छोट्या व्रणांभोवती, जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला, कुल्ल्यात. मग तुमची तयारी असेल तर कपड्यावरून किंवा चादरीखाली तळाला बाहेरून. मी म्हणते, ‘श्वास घ्या, मग लघवी रोखल्यासारखं हलकं आवळा, मग सोडा.’ आवळता सगळ्यांना येतं. सोडता येतं का, ते मला पाहायचं असतं. कितीतरी जणींना ‘सोडा’ म्हटल्यावर काही होतच नाही, कारण मुळात आवळलेलंच होतं, सोडायला जागाच कळत नाही.

आतून तपासणी करावीच लागते का? नाही. अजिबात सक्ती नाही. तुम्ही हो म्हणालात तर ती एका बोटाने होते, ग्लोव्ह आणि जेल लावून. स्त्रीरोगतज्ज्ञांकडचं लोखंडी उपकरण इथे नसतं. घड्याळाच्या आकड्यांसारखं मी एकेक जागा हलकेच दाबून विचारते, ‘इथे किती, दहापैकी?’ तीनच्या वर गेलं की थांबते. तुम्ही ‘थांबा’ म्हणालात की बोट बाहेर, कारण विचारत नाही. एखाद्या जागेला बोट लागतं आणि बाई म्हणते, ‘हीच! हीच ती खुर्चीतली कळ.’ दहा वर्षं कुणाला दाखवता न आलेलं दुखणं कुणाच्या तरी बोटाखाली सापडतं तेव्हा काही जणी रडतात. रडू द्यावं. अविवाहित मुलींची मी आतून तपासणी सहसा करत नाही. बाहेरून आणि खुब्याच्या बाजूने बरंच काम होतं. आईसमोर बोलणं अवघड असतं म्हणून मुलीशी दहा मिनिटं एकटीशी बोलायचं मी कधी चुकवत नाही.

उपचार म्हणजे त्या जागांवर हलका, धरून ठेवलेला दाब, श्वासाबरोबर सोडणं, आणि मधल्या काळात घरचा सराव. साधारण तीन महिन्यांत सहा ते दहा सिटिंग धरा. आधी आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. पहिल्या एक-दोन सिटिंगनंतर दिवसभर दुखरं वाटू शकतं. तीन दिवस कळ उसळली तर माझा हात जड पडला असं समजा आणि सांगा. ‘दुखल्याशिवाय मोकळं होत नाही’ ही मालिशवाल्यांची भाषा इथे चालत नाही. आधीच तिखट झालेल्या मज्जासंस्थेला आणखी दुखवून शांत करता येत नाही.

तुमच्या गावी सध्या कुणी नाही, म्हणून घरी आजपासून काय करता येईल ते लिहिते.

जमिनीवर उताणं झोपा, पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, म्हणजे खुबे आणि गुडघे काटकोनात येतील. एक हात पोटावर. नाकाने सावकाश श्वास घ्या, पोट फुगू द्या, आणि तो श्वास खाली बसायच्या हाडांपर्यंत पसरतोय असं लक्ष द्या. श्वास घेताना तळ किंचित खाली उतरतो, फुगतो. सोडताना आपोआप वर येतो. सोडताना तुम्ही काही आवळायचं नाही. एवढंच. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पहिला आठवडा काहीच कळणार नाही. मला हा व्यायाम शिकवताना नेहमी वाटतं की समोरची बाई मनात म्हणत असेल, ‘एवढ्यासाठी एवढी लांबून आले?’ पण माझ्या हाताखाली सगळ्यात जास्त फरक यानेच पडलेला मी पाहिला आहे. श्वास जमला की बालासन (टाचांवर बसून पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकवणं), आणि पाठीवर झोपून तळपाय एकमेकांना लावून गुडघे बाजूला सोडणं. गुडघ्यांखाली उशा घ्या; ताणायचं नाही, टेकून पडायचं. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर किंवा माकडहाडाशी, पंधरा-वीस मिनिटं.

योगाच्या वर्गाला जात असाल तर तिथे मूलबंध आणि अश्विनी मुद्रा सध्या करू नका, दोन्हींत तळच आवळायचा असतो; कपालभातीही नको. बाकीची आसनं चालतील. शिकवणाऱ्या बाईंना राग येईल; येऊ द्या.

संडासचं जास्त सविस्तर सांगते, कारण तुमची सगळ्यात मोठी कळ तिथे आहे. भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि गुडघे साथ देत असतील तर तोच वापरा. उकिडवं बसल्यावर ती गोफण सैल पडायला सगळ्यात सोपं जातं. घरी कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या, गुडघे खुब्यांपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर. तोंड मिटून श्वास रोखून कुंथू नका. ओठांतून हळू फुंकर घाला किंवा घशातून ‘ऊऽऽ’ असा जाड आवाज काढा. श्वास वाहता राहिला की तळ सुटतो. वेळ सकाळच्या चहा-नाश्त्यानंतरची ठेवा, तेव्हा मोठं आतडं स्वतःच हालचाल करत असतं. पाच-सात मिनिटांत नाही झालं तर उठा. मोबाईल बाहेर. मळ खडा होत असेल तर इसबगोल आणि पाणी, आणि तरी जमत नसेल तर डॉक्टरांना औषध विचारा. रोज कुंथत राहून बाकीचे व्यायाम करणं म्हणजे एका हाताने वळलेली दोरी दुसऱ्या हाताने उसवणं.

लघवी तीन-चार तासांनी, पूर्ण टेकून बसून. दाबून ठेवायची नाही, आणि ‘बाहेर निघतेय तर जाऊन येते’ म्हणून दर तासाला जायचंही नाही.

टेन्सचं छोटं यंत्र मिळतं, कमरेच्या खालच्या भागात पट्ट्या लावून वीस-तीस मिनिटं हलका मुंग्यांसारखा प्रवाह द्यायचा. काहींना पाळीच्या कळांत चांगला आराम मिळतो. पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल तर नको. पहिल्यांदा कुणा फिजिओकडून लावून घ्या.

संबंधाबद्दल तुम्ही दोनच शब्द लिहिलेत, पण मला वाटतं प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. सुरुवातीला, तोंडाशीच आग होणं हे बहुधा स्नायूंचं. आत खोल कळ लागणं हे गर्भाशयामागच्या डागांचं असू शकतं, ते डॉक्टरांच्या कानावर घाला. दोन्ही एकत्रही असतात. डायनोजेस्टने काहींना कोरडेपणा येतो, तोही सांगा, त्यावर उपाय आहे. पुढचे सहा-आठ आठवडे प्रवेश नको असं दोघांनी ठरवून टाका. दर वेळी ‘या वेळी दुखेल का’ या धास्तीने शरीर पुन्हा तीच आवळायची सवय घट्ट करतं. जवळीक बंद करायला मी सांगत नाही, फक्त प्रवेश. पुढे डायलेटर म्हणून गुळगुळीत नळ्यांचा संच मिळतो, सगळ्यात बारीक नळीपासून श्वासाबरोबर सराव करायचा. तो मात्र कुणीतरी शिकवल्यावरच. आणि खोबरेल तेल वंगण म्हणून वापरत असाल तर निरोध वापरू नका, लॅटेक्स तेलाने फाटतं.

या उपचाराचा पुरावा किती भक्कम आहे, तेही सांगायला हवं. इटलीतल्या बोलोन्यात झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोलवर रुजलेला एंडोमेट्रिओसिस असलेल्या ३४ स्त्रिया होत्या. निम्म्यांना पाच सिटिंग फिजिओथेरपी दिली, तेव्हा सोनोग्राफीत त्यांचा तळ जास्त सैल झालेला दिसला आणि संबंधाच्या वेळचं तोंडाशी होणारं दुखणं कमी झालं. चांगली बातमी, पण ३४ म्हणजे मूठभर. युरोपातल्या एश्रे या प्रजनन-तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फिजिओथेरपीसकट कुठल्याही बिनऔषधी उपायाची ठाम शिफारस केलेली नाही, कारण पुरावा अपुरा आहे. मी हे काम करून पोट भरते, तरी मला ते बरोबरच वाटतं. आमच्या हाताने डाग जात नाहीत, सिस्ट लहान होत नाही. ‘आतल्या चिकटलेल्या गाठी हाताने सोडवते’ असं कुणी सांगितलं तर पैसे जपून ठेवा. आम्ही त्या आजाराभोवती साचलेला आवळलेपणा कमी करतो. कुणाचं दुखणं निम्म्यावर येतं, कुणाला फक्त बसता यायला लागतं, आणि काहींना फारसा फरक पडत नाही. सहा सिटिंगनंतर काहीच हललं नाही तर मी स्वतः डॉक्टरांना फोन करून सांगते की पुन्हा पाहा. म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

काही वेळा फिजिओची वाट पाहायची नसते. अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलटी, ताप आणि घाण वासाचा स्राव, शौचातून रक्त, लघवी अजिबात न होणं, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि शौचाच्या जागेभोवती बधिरपणा. यातलं काही झालं तर थेट डॉक्टर, शेवटच्या दोन गोष्टींत तर त्याच रात्री.

फिजिओ शोधताना बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) नंतर स्त्रीआरोग्यात एमपीटी (पदव्युत्तर पदवी) किंवा पेल्विक फ्लोअरचं वेगळं प्रशिक्षण आहे का ते विचारा, आणि राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आहे का तेही. फोनवर एकच प्रश्न पुरतो: ‘मला एंडोमेट्रिओसिस आहे, तुम्ही काय कराल?’ न तपासता ‘केगल शिकवू’ असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात शोधलं तर मिळतात. एकदा प्रत्यक्ष दाखवून पुढच्या काही भेटी व्हिडिओवर घेता येतात. श्वास आणि बसायची पद्धत व्हिडिओवर बरीच नीट शिकवता येते, हाताचं काम अर्थातच नाही.

यजमान बरोबर आले तर चालेल का, असं शेवटी विचारलंय. चालेल, बोलण्याच्या वेळी तर यावंच. तपासणीच्या वेळी आत थांबायचं की बाहेर, ते तुम्ही ठरवायचं. मी त्यांच्यासमोर तुम्हाला विचारत नाही, आधी वेगळं विचारून घेते. येताना शस्त्रक्रियेचा कागद आणा, आणि दोन आठवडे एका वहीत एवढंच लिहा: कधी दुखलं, त्याआधी किती वेळ बसला होतात, संडास कसा झाला.